सात रस्त्यांतला अमेरिकेचा रस्ता कोणता?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे राहून कोणाला विचारले, की इथून अमेरिकेला जायचे तर तोंड कोणत्या दिशेला करावे, तर बहुतेक जण पश्चिमेकडे बोट दाखवतात. आम्ही हा प्रश्न शिक्षकांना विचारतो, मुलांना विचारतो, आणि कधीकधी अमेरिकेला जाऊन आलेल्या आजी-आजोबांनाही विचारतो. थोडा विचार करणारा एखादा विद्यार्थी म्हणतो, "पृथ्वी गोल आहे, मग पूर्वेकडूनही जाता येईल." उत्तरेकडे बोट दाखवणारा क्वचितच भेटतो. पण सॅन फ्रान्सिस्को गाठायचे असेल तर सोलापुरातून निघणारी सर्वांत जवळची वाट उत्तरेकडेच जाते. बरोबर उत्तरेला नव्हे, उत्तरेच्या १७ अंश उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे झुकलेली. नकाशावर ही वाट काढली तर ती तुळजापूर आणि धाराशिव यांच्या मधून जाते, मग अकोल्याजवळून, भोपाळच्या किंचित पूर्वेकडून, कुमाऊँच्या हिमालयावरून तिबेटात शिरते. पुढे सायबेरिया, त्याच्या उत्तरेचा गोठलेला समुद्र, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि मग सॅन फ्रान्सिस्को. थोडक्यात, सोलापूरकराच्या दृष्टीने अमेरिकेचा रस्ता तुळजापूरच्या बाजूने जातो!

ही गंमत वाटेल, पण विमान-प्रवासाचे अंतर आणि वेळ यांविषयीचे बरेचसे गोंधळ याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दोरा आणि पृथ्वीगोल

शाळेत पृथ्वीगोल असेल तर कपाटातून काढा, धूळ झटका. एक बारीक दोरा घ्या. एक टोक सोलापूरच्या जागी (१७.७ अंश उत्तर, ७५.९ अंश पूर्व) बोटाने दाबून धरा आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर (३७.६ अंश उत्तर, १२२.४ अंश पश्चिम). आता दोरा हळूहळू ताणा. सुरुवातीला तो तुम्ही ठेवला असेल तिथे, कदाचित जपानवरून किंवा युरोपवरून जाईल. पण ताण वाढवला की तो आपोआप सरकतो आणि एका जागी स्थिर होतो. ती जागा म्हणजे वर सांगितलेली सायबेरियावरची वाट. ताणलेला दोरा सर्वांत आखूड वाट शोधतो. त्याला भूमिती शिकवावी लागत नाही.

या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, रेखावृत्ते बृहद्वृत्ताचे अर्धे भाग आहेत. मात्र विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नाहीत. हे मुलांना सांगून पटत नाही, दोऱ्याने पटते. मुंबई आणि तिच्याच अक्षवृत्तावरची दूरची एखादी जागा घ्या आणि दोरा अक्षवृत्तावर बसवून ताणा. तो निसटून उत्तरेकडे उडी मारतो.

आता मोजमाप. दोरा विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळून त्याची लांबी मोजा. शाळेतला नेहमीचा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर ती सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को हा दोरा ३२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे १३,६०० किलोमीटर. शाळेच्या गोलावर, शिवणाच्या दोऱ्याने, एवढे उत्तर पुष्कळ झाले.

पृथ्वीगोल नसेल तर रबरी चेंडूवर अक्षवृत्ते-रेखावृत्ते आखून घ्या. सोलापुरात डाळिंबे मुबलक आहेत, पण ती या कामाला पुरेशी गोल नसतात, शिवाय प्रयोग संपण्याआधीच संपतात.

मग नकाशा खोटे बोलतो का?

भिंतीवरच्या नकाशावर सोलापूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांना पट्टीने जोडले तर रेघ चीन व प्रशांत महासागरावरून जाते. ही रेघ सरळ दिसते म्हणून आपण तिला सर्वांत जवळची समजतो. तिची प्रत्यक्ष लांबी काढली तर (नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा धरला आहे) ती सुमारे १५,९५० किलोमीटर भरते. दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळजवळ २,४०० किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगाने अडीच तासांहून अधिक.

मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो खलाशांसाठी. त्याचा गुण असा, की नकाशावर सरळ रेघ काढली तर त्या रेघेवर होकायंत्राची दिशा सतत तीच राहते. शिडाच्या जहाजावर सुकाणू धरणाऱ्या माणसाला याहून सोयीची गोष्ट नाही. त्याची किंमत म्हणून उत्तरेकडचे प्रदेश फुगवावे लागले. ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताचे सुमारे ३२.९ लाख. नकाशावर मात्र ग्रीनलँड भारताहून कितीतरी मोठे दिसते. नकाशा खोटे बोलत नाही. ज्या प्रश्नासाठी तो केला त्याचे उत्तर तो बरोबर देतो. आपण त्याला दुसराच प्रश्न विचारतो. आमच्या मते सहावी-सातवीच्या भूगोलात नकाशे रंगवण्यात जो वेळ जातो, त्यातला एक तास जरी दोरा आणि गोलासाठी काढला तरी पुष्कळ काम होईल.

वर्तमानपत्रे बारकाईने वाचणाऱ्याला सायबेरियाची ही वाट नवी वाटू नये. जुलै २०२४ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान तांत्रिक कारणाने वाटेत उतरवावे लागले, ते रशियातील क्रास्नोयार्स्क येथे. अमेरिकेला जाणारे विमान रशियात काय करत होते, असे कोडे तेव्हा अनेकांना पडले असेल. गोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून पाहा. क्रास्नोयार्स्क जवळजवळ त्या दोऱ्याखालीच सापडेल. त्याआधी, जून २०२३ मध्ये, याच मार्गावरचे विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरले होते. मगादान मात्र दोऱ्याच्या बरेच दक्षिणेला आहे. म्हणजे त्या दिवशी विमान दोऱ्याच्या वाटेने जात नव्हते. असे का, ते पुढे येईल.

गणकयंत्राने

वरच्या इयत्तांसाठी दोऱ्याऐवजी त्रिकोणमिती वापरता येते. दोन ठिकाणांचे अक्षांश अ आणि ब, आणि त्यांच्या रेखांशांमधला फरक र असेल, तर

कोसाइन (अंतर) = साइन अ × साइन ब + कोसाइन अ × कोसाइन ब × कोसाइन र

यातले 'अंतर' अंशांत येते: पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन. एक अंश म्हणजे पृष्ठभागावर १११.२ किलोमीटर.

सूत्र फळ्यावर लिहून मोकळे होण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. दोन्ही ठिकाणे एकाच रेखावृत्तावर असतील तर र शून्य, त्याची कोसाइन १, आणि उजवी बाजू 'कोसाइन (अ − ब)' होते. म्हणजे अंतर हा नुसता अक्षांशांमधला फरक, जो असायलाच हवा. दोन्ही विषुववृत्तावर असतील तर अ आणि ब शून्य, पहिले पद नाहीसे होते आणि अंतर र एवढेच उरते. तेही बरोबर. अशा दोन सोप्या टोकांना सूत्र खरे उतरले की मुलांचा त्यावर विश्वास बसतो.

आता आपले उदाहरण. अ = १७.६७, ब = ३७.६२. रेखांश एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून त्यांची बेरीज: ७५.९१ + १२२.३८ = १९८.२९. हा कोन १८० पेक्षा मोठा आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूने जवळ पडते: ३६० − १९८.२९ = १६१.७१. (अंतरासाठी ही वजाबाकी विसरलात तरी चालते, कारण दोन्ही कोनांची कोसाइन एकच येते. दिशा काढताना मात्र विसरून चालत नाही.) पहिले पद ०.३०३५ × ०.६१०४ = ०.१८५३. दुसरे पद ०.९५२८ × ०.७९२१ × (−०.९४९५) = −०.७१६६. बेरीज −०.५३१३. ज्याची कोसाइन एवढी आहे तो कोन १२२.१ अंश. त्याला १११.२ ने गुणले की सुमारे १३,५८० किलोमीटर. दोऱ्याने १३,६०० सांगितले होते!

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय ६,३५७ किलोमीटर. त्यामुळे या सूत्राच्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. विमानाच्या वाटेत त्याहून कितीतरी मोठे फरक येतात, तेव्हा ती चिंता सोडून देऊ.

अंतर कळले, वेळ कळत नाही

प्रवासी जेट विमान हवेच्या सापेक्ष ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. १३,५८० भागिले ९०० म्हणजे सुमारे १५ तास. एवढे सोपे असते तर हा लेख इथेच संपला असता.

पहिली अडचण छोट्या अंतरांत दिसते. सोलापूरहून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला विमानसेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली. सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर आणि पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० च्या आसपास. भागाकार ३६ मिनिटे सांगतो, पण असा प्रवास वेळापत्रकात तासाभराचा धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, उंची गाठणे, उतरण्याआधी वेग कमी करणे, पट्टीच्या दिशेला येण्यासाठी वळसा घेणे, हा खर्च अंतर कितीही असले तरी ठरलेलाच. लांबच्या प्रवासात तो अर्ध्या तासाने भागतो आणि जाणवत नाही. जमिनीवरचा प्रवास तर वेगळाच. सोलापूर-मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, रेल्वेने ४५५. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी हे अंतर साडेसहा तासांत कापते. म्हणजे सोलापूरहून अमेरिकेला जाणाऱ्याचा मुंबईपर्यंतचा हा छोटा टप्पा पुढच्या महाप्रवासाच्या वेळेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळ घेतो.

दुसरी आणि खरी अडचण वारा.

इथे वर्गात हमखास एक प्रश्न येतो आणि तो टाळू नये. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर खालून अमेरिका येईल की!" सोलापूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात आहे. प्रश्न विचारणारा मुलगा ज्या बाकावर बसला आहे तो बाकही त्याच वेगाने जातो, वर्गातली हवाही आणि विमानतळावर उभे असलेले विमानही. विमान उडाले म्हणून हा वेग त्याला सोडून जात नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात वर फेकलेले लिंबू पुन्हा हातातच पडते, तसेच हे. प्रश्न चुकीचा नाही. चार-पाचशे वर्षांपूर्वी पृथ्वी फिरते हे न पटणाऱ्या विद्वानांचा आक्षेप हाच होता.

वातावरण एकंदरीत पृथ्वीबरोबर फिरते, पण अगदी तंतोतंत नाही. विषुववृत्ताजवळची हवा तापून वर जाते आणि वरच्या थरांतून ध्रुवांकडे सरकू लागते. विषुववृत्तावर तिचा पूर्वेकडचा वेग सर्वांत जास्त असतो. उत्तरेकडे जाताना अक्षवृत्तांचे घेर लहान होत जातात, खालची जमीन हळू फिरत असते आणि ही हवा तिच्या पुढे धावू लागते. त्यात उष्ण आणि थंड प्रदेशांतील तापमानाच्या फरकाची भर पडते. याचा परिणाम म्हणून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे विमाने उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आणि कधी तीनशेच्या वरही जातो. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावरून वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना येतानापेक्षा जास्त वेळ लागतो.

एक छोटे गणित वर्गासाठी. मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, वारा ताशी १०० पूर्वेकडे. जाताना वेग ८००, वेळ ९ तास. येताना वेग १,०००, वेळ ७.२ तास. एकूण १६.२ तास. वारा नसता तर १६ तास. मुलांना वाटते, जाताना जेवढे गेले तेवढे येताना मिळेल. तसे होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते आणि सुलट्या वाऱ्यात कमी.

लांबची वाट, कमी वेळ

वाऱ्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण एअर इंडियाच्याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवेत घडले. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान युरोप व अटलांटिक महासागरावरून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को दोऱ्याची वाट सुमारे १२,४०० किलोमीटर आहे, त्याहून ही बरीच लांब. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी या विमानाला उलटे, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून नेले. वाट आणखी लांब झाली: १५,३०० किलोमीटर. पण वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास कमी!

१५,३०० भागिले १४.५ करून पाहा. सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. त्या उंचीवरील थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. मग विमान ध्वनीच्या वेगाने उडाले का? नाही. ध्वनीशी तुलना करायची ती हवेच्या सापेक्ष वेगाची. विमान हवेत नेहमीच्याच वेगाने जात होते. ज्या हवेत ते पोहत होते ती हवाच त्याला घेऊन पूर्वेकडे धावत होती. नदीच्या ओघात सोडलेली होडी आणि धावत्या गाडीच्या डब्यात पुढे चालत जाणारा फेरीवाला ही दोन्ही उदाहरणे इथे कामाला येतात.

या उड्डाणात आणखी एक मौज झाली. विमान रविवारी निघाले, प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शनिवारात गेले आणि मध्यरात्र उलटून पुन्हा रविवारी उतरले. अटलांटिकवरून जाणारा प्रवासी ही रेषा ओलांडतच नाही, तरी तोही त्याच तारखेला उतरतो. मुलांना हे का ते शोधू द्या.

मगादानचे कोडे आता सुटते. रोजची वाट त्या दिवशीच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन आखली जाते. दोऱ्याची वाट म्हणजे सर्वांत कमी अंतर. वैमानिकाला हवी असते ती सर्वांत कमी वेळ आणि इंधन लागणारी वाट. वारा अनुकूल असेल तर चार-पाचशे किलोमीटरचा वळसाही फायद्याचा.

वाऱ्याखेरीज इतर कारणेही आहेत. सोलापूरचा दोरा तिबेटवरून जातो, पण विमाने शक्यतो तिथून जात नाहीत. आतल्या हवेचा दाब अचानक कमी झाला तर विमानाला काही मिनिटांत तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटात जमीनच साडेचार किलोमीटरवर आहे, खाली यायचे कुठे? काही वेळा आकाशातली कुंपणे आडवी येतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तसे ते फेब्रुवारी २०१९ नंतरही काही महिने बंद होते. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने मग आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावरून वळसा घेतात. वेळ आणि इंधन वाढते, इंधन वाढले की वजन वाढते, आणि ते वजन वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन लागते. लांबच्या प्रवासात शेवटच्या तासाचे इंधन आधीचे सगळे तास पाठीवर वाहावे लागते.

पूर्वी यावर उपाय म्हणजे थांबणे. एअर इंडियाची पहिली मुंबई-लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी निघाली ती कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. न्यूयॉर्कची सेवा मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानांनी सुरू झाली ती लंडनमार्गे. दोऱ्याच्या वाटेने एका दमात जाणे ही अलीकडची गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आलेले, सर्व महिला वैमानिकांनी चालवलेले विमान उत्तर ध्रुवावरून आले. अंतर जवळजवळ १४,००० किलोमीटर, वेळ सुमारे १७ तास.

तिकिटावरच्या वेळा

सोलापूरच्या कितीतरी घरांतले आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जातात. त्यांच्या दृष्टीने वरच्या सगळ्या गणितातला कामाचा भाग हा. तिकिटावर छापलेली निघण्याची वेळ त्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. समजा, हिवाळ्यात सोमवारी दुपारी २ वाजता मुंबईहून निघून सोमवारीच संध्याकाळी ५ वाजता सॅन फ्रान्सिस्कोला पोचायचे आहे. तीन तासांचा प्रवास? तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. ३ अधिक १३.५ म्हणजे साडेसोळा तास. परतताना सोमवारी रात्री साडेआठला निघालो आणि तितकाच वेळ लागला असे धरू. तिथल्या घड्याळात मंगळवार दुपारचा १ झालेला असेल. त्यात साडेतेरा मिळवले की मुंबईत बुधवारची पहाट, अडीच वाजलेले. उन्हाळ्यात (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत) तिथली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो.

हे का महत्त्वाचे? मधुमेहाचे इन्शुलिन किंवा दर आठ-बारा तासांनी घ्यायची गोळी ज्यांना लागते त्यांच्यासाठी. शरीराला तिकीट वाचता येत नाही. 'दुपारी २ ते संध्याकाळी ५' असे वाचून एकही मात्रा लागणार नाही असे समजणारा माणूस प्रत्यक्षात साडेसोळा तास औषधाविना राहील. आणि उतरल्यावर तिथल्या घड्याळाप्रमाणे घाईने दोन मात्रा जवळजवळ घेणाराही अडचणीत येईल. निघण्याआधी डॉक्टरांना भेटताना घड्याळातल्या वेळा न सांगता प्रवासाचे खरे तास सांगावेत. जोडणारे विमान असेल तर मधला मुक्काम धरून. वाटेत मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्यावे, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि नवी वेळ कशी लावून घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आठवी-नववीचा विद्यार्थी आपल्या आजीसाठी हे तासांचे कोष्टक सहज करू शकतो. असा गृहपाठ आम्हाला फार आवडेल.

शाळेच्या अंगणात

शेवटी सात रस्त्यांवर परत येऊ. अमेरिकेची दिशा प्रत्यक्ष दाखवायची तर आधी खरी उत्तर हवी. अंगणात सरळ काठी उभी रोवा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे स्पर्श करते तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा जिथे स्पर्श करते तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिच्यावर काटकोनात काठीतून जाणारी रेघ उत्तर-दक्षिण. दुपारच्या सर्वांत आखूड सावलीवरूनही दिशा मिळते, पण सोलापुरात सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्ही उत्तरेला असतो आणि ती सावली दक्षिणेकडे पडते. शिवाय आपल्याकडे मध्यान्ह बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, त्यामुळे सूर्य सरासरी २६ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. तेव्हा वर्तुळाची पद्धत बरी.

उत्तर मिळाली की काठीपासून उत्तरेला दहा पावले चाला आणि मग पूर्वेला तीन. काठीपासून तुमच्यापर्यंतची रेघ पुढे वाढवली की ती सॅन फ्रान्सिस्कोला जाते. उत्तरेला दहा आणि पश्चिमेला साधारण पावणेपाच पावले चाललात तर न्यूयॉर्कची दिशा (अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर). उत्तरेला दहा, पश्चिमेला साडेआठ, म्हणजे लंडन (७,५५० किलोमीटर). ऑस्ट्रेलियातल्या सिडनीसाठी मात्र उलटे फिरून आग्नेयेकडे तोंड करावे लागेल, आणि दुबईची दिशा पश्चिमेच्या जरा उत्तरेला.

एक ठिकाण असे आहे की त्यासाठी दिशा शोधावीच लागत नाही. सोलापूरच्या बरोबर उलट बाजूला, १७.७ अंश दक्षिण आणि १०४.१ अंश पश्चिम, प्रशांत महासागरात ईस्टर बेटाच्या उत्तरेला सुमारे १,२०० किलोमीटरवर नुसते पाणी आहे. सात रस्त्यांपैकी कोणत्याही रस्त्याच्या दिशेने निघा आणि न वळता २०,००० किलोमीटर जा. सातही रस्ते तिथेच पोचतात.